उरलेल्या युनिटाचा भाव

२०२५ च्या एप्रिलमधलं वीजबिल मी अजून फाईलला लावून ठेवलं आहे. त्याआधीच्या दिवाळीनंतर आम्ही घराच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचे सौर पॅनल बसवले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेट मीटर लागला. दापोली तालुक्यातलं आमचं गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. डिसेंबर ते मार्च इथे आभाळ निवळलेलं असतं, ऊन लख्ख पडतं आणि हवा गार असल्यामुळे पॅनल फारसे तापत नाहीत, म्हणून वीजही चांगली होते. घरात आम्ही नवरा-बायको आणि माझी आई. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, विहिरीवरचा पंप आणि दिवे-पंखे, एवढाच वापर. मार्च संपला तेव्हा वापरून उरलेली ८६० युनिटं आमच्या नावावर जमा होती. एप्रिलच्या बिलात त्या रकान्यात शून्य आलं. वर्षअखेर म्हणून ती युनिटं कंपनीने विकत घेतली होती आणि पैसे बिलातून वळते केले होते. दर होता, मी तीच वीज कंपनीकडून घेतो त्याच्या साधारण निम्मा.

आईने बिल हातात घेऊन विचारलं, "आगरातली सुपारी व्यापाऱ्याला घालतोस तेव्हा आधी भाव ठरवतोस ना? मग हिचा भाव कोणी ठरवला?"

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. घरच्या छपरावर तयार झालेली वीज कंपनीला दिली, तर तिची किंमत कोणत्या हिशेबाने लावायची? माझं मत स्पष्ट आहे. कोकणातल्या घराने वापरून उरलेल्या प्रत्येक युनिटाला आधी जाहीर केलेला, पंधरा-वीस वर्षं टिकणारा, करारात लिहिलेला भाव मिळाला पाहिजे आणि त्याचे पैसे दर महिन्याला बँकेच्या खात्यात आले पाहिजेत. जगात या पद्धतीला फीड-इन टॅरिफ म्हणतात. मी तिला हमीभाव म्हणतो, कारण हा शब्द आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावा लागत नाही.

आत्ताची व्यवस्था आधी नीट बघू. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौर विजेसाठी २०१५ मध्ये पहिले विनियम केले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर नवे आणले. नेट मीटरिंगमध्ये दुपारची जास्तीची वीज खांबाकडे जाते, रात्री लागेल तेवढी खांबावरून येते आणि महिन्याच्या शेवटी एकातून दुसरं वजा होतं. उरलेलं पुढच्या महिन्यात ओढलं जातं. आमच्यासारख्या भागात हे वरदान आहे, कारण जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही, पॅनलवर कधीकधी दिवसाला दोन-तीन युनिटंही होत नाहीत आणि एप्रिल-मेमधली शिल्लक तेव्हा कामी येते. हिशेबाचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. म्हणजे थंडीतली सगळी कमाई त्या तारखेला मोडीत निघते आणि पावसाळ्याला काढायला ती उरत नाही.

पण तारीख बदलली तरी मूळ अडचण सुटत नाही. नेट मीटर युनिटाची किंमत लावतो ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या बिलावरून. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर घ्या. वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे सहा रुपयांच्या जरा आत, १०१ ते ३०० ला साडेअकराच्या आसपास आणि ३०० च्या वर पंधरा रुपयांच्या पुढे. आता दोन घरं समोर ठेवू. एक शहरातला बंगला, महिन्याला ४०० युनिटं वापरणारा. दुसरं आमच्या वाडीतलं घर, ८० युनिटं वापरणारं. दोघांनी तीन किलोवॅटचे पॅनल बसवले आणि दोघांकडे महिन्याला साधारण ३०० युनिटं तयार झाली. बंगल्याची वरची ३०० युनिटं वाचली, म्हणजे महागातली शंभर आणि मधली दोनशे. त्याची बचत ३,८०० रुपयांच्या पुढे जाते. वाडीतल्या घराची ८० युनिटं वाचली, म्हणजे पावणेपाचशे रुपये. त्याच्या उरलेल्या २२० युनिटांना वर्षअखेरीचा दर तीन रुपये धरला तर आणखी ६६०, आणि तेही मार्च उलटल्यावर. पॅनल तेच, अनुदान तेच, ऊनही तेच. एकाला महिन्याला अडतीसशेच्या वर पडले, दुसऱ्याला अकराशे.

अनुदानाचंही बघा. पंतप्रधान सूर्यघर योजनेला २०२४ च्या फेब्रुवारीत ७५,०२१ कोटी रुपये मंजूर झाले, उद्दिष्ट एक कोटी घरांचं. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि त्यावर ७८,०००. योजनेने धरलेल्या किमतीप्रमाणे तीन किलोवॅटचा खर्च १,४५,००० होतो. म्हणजे सरकार निम्म्याहून जास्त पैसे घालतं. चांगलंच आहे. पण उरलेले साठ-सत्तर हजार वाडीतल्या माणसाने घालायचे, तर त्याला ते किती वर्षांत परत येतील हे सांगता आलं पाहिजे. बंगलेवाला दोन वर्षांत मोकळा होतो. वाडीतला माणूस पाच-सहा वर्षं थांबतो, आणि मधे वर्षअखेरीचा दर बदलला तर आणखी थांबतो. बँकेत कर्जाला गेलो की साहेब पहिलं विचारतात, "यातून उत्पन्न किती येणार ते कागदावर आहे का?" बिल वाचणं याला ते उत्पन्न धरत नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही धरलं नसतं.

कोकणात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईत बसून लक्षात येत नाही. इथली कितीतरी घरं बंद असतात. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. त्यातली नऊ घरं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतात. माणसं विरारला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. घराला कुलूप, पण घर धडधाकट आहे. चाकरमान्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत कर्ज काढून कौलं उतरवली आणि स्लॅब टाकले. ते स्लॅब वर्षातले तीनशे दिवस उन्हात नुसते तापत असतात. त्या घराचा वापर जवळपास शून्य, म्हणून नेट मीटरिंगमध्ये त्याची बचतही जवळपास शून्य. ज्याचा वापर कमी, त्याच्या छपराला किंमत कमी, असा हा हिशेब आहे. खरं तर ग्रीडच्या, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्याच्या, दृष्टीने बंद घराचं छप्पर सगळ्यात मोलाचं, कारण त्यातलं एकूण एक युनिट शेजारच्या घराला, पिठाच्या गिरणीला, बर्फाच्या कारखान्याला मिळू शकतं.

हमीभाव असता तर काय झालं असतं? त्या नऊ घरांपैकी एकाने, समजा, तीन किलोवॅट बसवले आणि युनिटला साडेचार रुपये मिळाले, तर पावसाळा वजा जाता वर्षाला चौदा-पंधरा हजार रुपये सहज येतील. चाकरमान्याला ही रक्कम थोडी वाटेल, पण त्यात घरपट्टी भागते, पावसाआधीची डागडुजी होते आणि गणपतीला येण्याआधी घर साफ करून ठेवणाऱ्या बाईला मजुरी देता येते. घर विकून टाकायचा विचार दोन वर्षं पुढे जातो. ज्या गावांतून माणसं जाताहेत, तिथे बंद घराला स्वतःचं उत्पन्न असणं याला मी वीजधोरणाइतकंच गावाच्या दृष्टीने महत्त्व देतो.

कोणी म्हणेल, वीस वर्षांचा भाव लिहून देणं सरकारला परवडत नाही, असले करार कोणी करत नसतं. कोकणातल्या माणसाला हे सांगू नये. गुहागर तालुक्यात दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प उभा राहिला. १९९३ च्या डिसेंबरात तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने त्या कंपनीशी वीसवर्षीय करार केला. वीज घ्या अथवा न घ्या, प्रकल्प तयार असेल तर ठरलेले पैसे द्यायचे, असं त्यात होतं. इंधनाचा खर्च वाढला तर तो मंडळाने सोसायचा, डॉलर महागला तर तोही मंडळाच्या अंगावर. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये बदल करून पुन्हा झाला, १९९९ च्या मेमध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. पुढे कितीतरी वर्षं तो प्रकल्प गुंतवणुकीच्या आणि गॅसच्या गुंत्यात अडकून राहिला. त्या काळात मी गुहागरला मामाकडे जायचो. रात्री दिव्यांनी लखलखणारा प्रकल्प आणि अलीकडच्या गावांत लाईट गेलेली, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तो करार चुकला तो भावाची हमी दिली म्हणून नव्हे. हमी कशाची दिली आणि कोणाला दिली, तिथे तो चुकला. एकाच ठिकाणी अवाढव्य क्षमता, आयात इंधन, परक्या चलनातला धोका, आणि भाव ठरवताना लोकांना विचारलंच नव्हतं. छपरावरच्या पॅनलला इंधन लागत नाही, म्हणून त्याच्या विजेचा खर्च पहिल्या दिवशीच कळतो आणि पुढे बदलत नाही. असा माल वीस वर्षांच्या ठरलेल्या भावाने घेणं हा वीजखरेदीतला सगळ्यात कमी धोक्याचा व्यवहार आहे. मोठ्या कंपनीशी वीस-पंचवीस वर्षांचा करार आजही होतो. तीच मुदत छोट्या घराला द्यायला हरकत का असावी, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

बाहेरच्या देशांनी काय केलं, ते इथे उपयोगी पडतं. जर्मनीने १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने वीज कंपन्यांवर सक्ती केली की सौर आणि पवन वीज घ्यायचीच, आणि ग्राहकांना पडणाऱ्या सरासरी दराच्या नव्वद टक्के भावाने घ्यायची. २००० मध्ये नवा कायदा आला. त्यात सौर विजेला किलोवॅटतासाला, म्हणजे एका युनिटाला, ९९ फेनिग (जवळजवळ एक जर्मन मार्क) असा घसघशीत भाव वीस वर्षांसाठी बांधून दिला, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी तो दरवर्षी उतरता ठेवला. शेतकऱ्यांनी गोठ्यांच्या छपरांवर पॅनल लावले. मागणी वाढली, कारखाने वाढले आणि पॅनल जगभर स्वस्त झाले. आज आपल्याला ते परवडतात याचं श्रेय त्या ग्राहकांनाही जातं, कारण सुरुवातीची महागाई त्यांनी आपल्या बिलातून सोसली. त्यासाठी बिलात लावलेला अधिभार पुढे युनिटला सहा सेंटच्या वर गेला, त्यावर खूप आरडाओरडा झाला आणि २०२२ च्या जुलैत तो काढून सरकारने तो भार तिजोरीवर घेतला. ब्रिटनने २०१० मध्ये छोट्या सौर संचांना ४१.३ पेन्सचा भाव लावला. पॅनलच्या किमती कोसळल्या तशी अर्जांची रीघ लागली. सरकार घाबरलं आणि घाईघाईने भाव निम्म्यावर आणायला गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने मागच्या तारखेपासून भाव कापायला मनाई केली. २०१९ च्या मार्चअखेर ती योजना नव्या लोकांना बंद झाली. स्पेनने तर दिलेला शब्दच मागाहून कापला आणि गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादांत गेले.

यातून मी दोन गोष्टी घेतो. भाव फार वर ठेवला तर गर्दी होते आणि मग तो अचानक पाडावा लागतो. दुसरी गोष्ट, ज्याला ज्या दिवशी जो भाव लिहून दिला, त्याला तो शेवटपर्यंत द्यायचा. नव्या माणसाला कमी द्या, जुन्याला हात लावू नका. आपल्याकडे दिल्ली सरकारने २०२३ च्या सौर धोरणात याच दिशेने एक पाऊल टाकलं. तीन किलोवॅटपर्यंतच्या घराला तयार केलेल्या प्रत्येक युनिटमागे तीन रुपये, त्यावर दहा किलोवॅटपर्यंत दोन रुपये, पाच वर्षं. उलट गुजरातेत घरच्या उरलेल्या युनिटाला २ रुपये २५ पैसे दिले जातात. भाव कमी असला की लोक आपल्या गरजेपुरतेच पॅनल लावतात आणि निम्मं छप्पर मोकळं सोडतात.

आता खरी हरकत. वीज कंपनीला मोठ्या प्रकल्पांतून सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते. शेतीपंपांसाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गावोगावच्या प्रकल्पांचे दर तसेच आले. मग कंपनीने घराला साडेचार का द्यावेत? आणि दिले तर तो बोजा ज्यांच्या छपरावर पॅनल नाहीत त्या गरिबांच्या बिलात जाणार नाही का? ही हरकत मी हलकी मानत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, झापांच्या नाहीतर पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने माझ्या पॅनलचे पैसे भरावेत असं मला मुळीच वाटत नाही.

पण आकडे उलगडून बघितले तर चित्र वेगळं दिसतं. कंपनीला आज खरा खड्डा पडतो तो बंगल्यांच्या नेट मीटरिंगमुळे, कारण पंधरा रुपये देणारा ग्राहक तिच्या हातून जातो. १०० युनिटांच्या आतलं घर तिला तिच्या सरासरी खर्चापेक्षा कमी देतं, म्हणजे ते घर चालवताना कंपनी तोट्यातच असते. त्या घराने स्वतःची वीज स्वतः केली तर कंपनीचा तोटा कमी होतो. उरलेलं युनिट डीपीपासून दोनशे मीटरवर शेजारच्या हॉटेलला व्यापारी दराने विकलं जातं. घाटमाथ्यावरून, जंगलातून, खाड्यांवरून तारा ओढत आणलेल्या युनिटाची वाटेत होणारी गळती त्यात नाही. फिडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या आमच्या गावात दुपारी व्होल्टेज पडायचं, पंप गरम व्हायचा. वाडीत चार ठिकाणी पॅनल लागल्यापासून निदान उन्हाच्या वेळी तो त्रास कमी झाला आहे. दूरच्या प्रकल्पातल्या तीन रुपयांच्या युनिटात हा वाहतुकीचा खर्च मिळवा आणि मग तुलना करा.

म्हणून भाव ठरवायला माझ्याकडे एक सोपी फूटपट्टी आहे. कंपनी सगळ्या स्रोतांकडून मिळून जी वीज घेते, तिचा सरासरी खरेदी खर्च. उरलेल्या युनिटाला तोच भाव द्या. २०१५ च्या विनियमांत वर्षअखेरीच्या युनिटांसाठी हीच फूटपट्टी होती, २०१९ मध्ये ती बदलली. सरासरी खर्चाने घेतलं तर पॅनल नसलेल्याच्या बिलावर एक पैसाही चढत नाही, कारण कंपनी नाहीतरी त्याच सरासरीने वीज घेते. सगळी वीज कंपनीला विकण्याची, नेट बिलिंग नावाची वाटही २०१९ च्या विनियमांत आहे. म्हणजे कायद्याची चौकट नव्याने उभारायची नाही. भाव बदलायचा आहे, मुदत लिहायची आहे आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्यायचे आहेत. ही सवलत मोठ्या वापराच्या घरांना देऊ नये असंही माझं मत आहे, त्यांची बचत त्यांना पुरेशी आहे.

दुपार आणि संध्याकाळ यांचा मुद्दाही खरा आहे. दुपारी सौर वीज भरपूर होते, सातनंतर टंचाई असते. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहकहक्कांच्या नियमांत बदल करून दिवसा स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग असे दर आणायला सांगितले. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात यावरून मोठं वादळ उठलं, दिवसाचं युनिट रात्रीच्या युनिटाशी बरोबरीत धरणार की नाही म्हणून. पॅनल लावलेले सगळे धास्तावले, मीही. पण शांतपणे विचार केला तर हमीभावातच याचं उत्तर आहे. दुपारच्या युनिटाला सरासरी भाव द्या आणि बॅटरीत साठवून संध्याकाळी दिलेल्या युनिटाला त्याहून चांगला द्या. मग लोक बॅटरी घेतील. आणि कोकणात बॅटरीची गरज दुसऱ्याच कारणाने आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्याला लागलं, पण आमचा सगळा उत्तर रत्नागिरीचा पट्टाही त्याने झोडपला. सकाळी दहापासून माडांचे शेंडे जमिनीला टेकत होते. दुपारी वारा थांबला तेव्हा आगरातल्या दीडशे पोफळींपैकी चाळीस उभ्या होत्या. रस्त्यावर विजेचे खांब आडवे, त्यांच्या तारा फणसांच्या फांद्यांत गुरफटलेल्या. आमच्या वाडीत लाईट यायला सव्वीस दिवस लागले. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली वायरमन मंडळी पावसात खांब खांद्यावरून नेत होती, त्यांच्या कष्टांबद्दल मी कधीच वावगं बोलणार नाही. पण ते सव्वीस दिवस आम्ही विहिरीला रहाट नसताना दोरीने पाणी काढलं, मोबाईल चार्ज करायला सात किलोमीटर चालत गेलो. शेजारच्या आबांचं इन्सुलिन कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. मातीच्या घड्यात ठेवलं. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मेमध्ये, तौक्ते आलं.

पॅनल बसवताना आमच्या मनात तेच होतं. आता लाईट गेली तरी आपल्याकडे ऊन आहे, असं आईला वाटत होतं आणि मीही तिला तसंच सांगितलं होतं. २०२५ च्या मेमध्ये पाऊस लवकर कोसळला, तारा तुटल्या. दोन दिवसांनी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी इन्व्हर्टरसमोर उभा राहिलो. त्यावर लाल दिवा. स्लॅबवर पॅनल धुऊन निघालेले, चकचकीत, आणि खाली पंप बंद. पाण्याची टाकी रिकामी. आई म्हणाली, "ऊन तर आलंय की रे." मला तिला सांगता येईना.

संध्याकाळी खांबावर चढायला आलेल्या वायरमनने कारण सांगितलं. "काका, तारेत करंट नाही असं धरून मी वर चढतो. तेवढ्यात तुमच्या पॅनलची वीज उलटी खांबावर आली, तर मी खाली जिवंत येत नाही." त्याचं बरोबर आहे. ग्रीड गेलं की साधा ग्रीडजोड इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तो त्याच्या जिवासाठी. त्यावर उपाय आहे. बॅटरी असलेला हायब्रीड इन्व्हर्टर घराला ग्रीडपासून तोडतो आणि आतल्या आत वीज चालू ठेवतो. पण तो महाग पडतो, आणि सूर्यघरचं अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मोजलं जातं, बॅटरीवर नाही. मुंबईत लाईट गेली तर तासाभरात येते, तिथे हा खर्च वायफळ ठरेल. दापोली, गुहागर, श्रीवर्धन, देवगडच्या किनाऱ्यावर तो वायफळ नाही. संध्याकाळच्या युनिटाला चढा भाव मिळाला तर बॅटरी वर्षभर स्वतःचं भाडं कमावते, आणि वादळाच्या आठवड्यात ती घरमालकाची असते.

इथे मी आणखी पुढे जाईन. वाडीतल्या प्रत्येक घरात बॅटरी नको. वाडीला एक किंवा दोन घरं अशी हवीत, आणि त्यांना थोडा जास्त भाव द्यावा, त्या बदल्यात लाईट गेल्यावर वाडीतल्या लोकांना मोबाईल चार्ज करू देण्याची आणि औषधं फ्रीजमध्ये ठेवू देण्याची अट करारात लिहावी. ग्रामपंचायतीचं सभागृह, शाळा आणि नळपाणी योजनेची विहीर यांचा नंबर पहिला लावावा. समुद्रावरून येणारी खारी हवा लोखंडी स्टँड दोन पावसाळ्यांत खाते, त्यामुळे किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या आत गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचे स्टँड आणि वादळाचा जोर धरून बांधणी ही अट असावी, आणि भाव ठरवताना तो जादा खर्च मोजावा. मराठवाड्यातल्या छपराचा खर्च कोकणाला लावू नये. माकडांचाही त्रास आहे, आमच्या पॅनलवर ती शहाळी फोडतात. त्यावर जाळीखेरीज उपाय मला सापडलेला नाही.

एक वेगळी अडचण मात्र कंपनीच्या किंवा आयोगाच्या हातात नाही. ती आपल्या घरातली आहे. आमच्या वाडीतल्या बंद घरांपैकी सहा घरांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर सतरा-अठरा नावं, त्यातले काही गेले, काहींचा पत्ता नाही. अनुदान हवं, करार हवा, बँकेत पैसे हवेत, तर ग्राहक हयात असला पाहिजे. भावकीत कोणाच्या नावाने मीटर करायचा यावरून बोलणं निघालं की जुनी भांडणं वर येतात. मी गेल्या गणपतीत दोन घरांत बसून बोललो. एका घरात सगळ्यांनी मिळून धाकट्या काकूंच्या नावाने संमतिपत्र केलं, कारण त्या वर्षातून चार वेळा गावाला येतात. दुसऱ्या घरात चहा घेऊन उठलो. तहसील कार्यालयाने आणि वीज कंपनीने मिळून गणपतीच्या आठवड्यात गावात एक दिवस टेबल टाकलं, तर असे अर्ज जागच्या जागी निघतील. सगळे सह्या करणारे वर्षातून त्याच पाच दिवसांत एका छपराखाली असतात.

छपरं सोडून मोठे सौर प्रकल्प सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यांवरच्या कातळाच्या पठारांवर, नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो मला मान्य नाही. त्या कातळावर पावसाळ्यात उगवणारी फुलं, गुरांची चराई आणि राजापूर-रत्नागिरीकडची हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं यांच्यावर काचेची चादर घालण्याआधी आमचे स्लॅब भरा.

२०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरिंगला महिन्याच्या तीनशे युनिटांची मर्यादा घालायचा प्रस्ताव होता. राज्यभरातून हरकती गेल्या आणि अंतिम विनियमांत ती राहिली नाही. त्या हरकतींत कोकणातल्या किती होत्या मला माहीत नाही, माझी नव्हती. तेव्हा आमच्या छपरावर काही नव्हतं म्हणून मी लक्षच दिलं नाही. दर ठरवताना आयोग जाहीर नोटीस काढतो, सूचना आणि हरकती मागवतो, सुनावणी घेतो. आम्ही वाडीतली चार पॅनलवाली घरं आणि ते संमतिपत्र केलेलं पाचवं घर मिळून आमची बारा महिन्यांची बिलं एकत्र करतो आहोत. कोणत्या महिन्यात किती युनिटं खांबाकडे गेली, किती दिवस लाईट नव्हती, ३१ मार्चला काय राहिलं आणि त्याचे किती मिळाले, हे एका कागदावर उतरवून पुढच्या नोटिशीला उत्तर म्हणून जोडणार आहोत. आईने आपल्या बिलावर स्वतः पेनाने खूण करून दिली आहे, ८६० च्या आकड्याभोवती.